मधला हेमराज

“मंग तुह्या मतानं झीलकरी नसले तरी भजन होते?”

उकंडबाबांनी डोळे मिटूनच विचारलं.

“होतं बाबा,” हेमराज म्हणाला. “आता होतं. तेच तर ऐकवायला आणलंय.”

घोंगडीवर बाबांची बोटं तेवढी हलत होती, कुठला तरी जुना ताल धरल्यासारखी.

हेमराजनं खोक्याची चिकटपट्टी फाडली. अमरावतीहून ही खोकी त्यानं स्वतःच्या गाडीत, मागच्या सीटवर तान्ह्या लेकरासारखी निजवून आणली होती. आत दोन काळे स्पीकर, एक अँप्लिफायर, लाल-काळ्या वायरचं वेटोळं आणि वायर सोलायची नवी कोरी पक्कड.

“गुरुदक्षिणा आहे बाबा. घरबसल्या ऐकायचं. खोलीत मंडळ बसल्यासारखं वाटतं.”

“मंडळ?” बाबांनी विचारलं. “कोणाचं?”

“माझं.”

…

सावळापूर हे पूर्णेच्या काठचं, खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातलं गाव. पाणी खारं, पण गळे गोड, असं तिथली माणसं स्वतःच सांगतात. त्या गळ्यांना वळण लावलं उकंडबाबांनी. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं याला जन्मतःच उकिरड्यावर ठेवलं आणि परक्याचं पोर समजून उचलून आणलं. नाव पडलं उकंडा. त्या उकंड्याच्या हातात खंजिरी आली आणि पंचक्रोशी त्याला बाबा म्हणू लागली.

खंजिरी भजनात म्होरक्या मधोमध बसतो. त्याच्या दोन्ही अंगांना एकेक झीलकरी. म्होरक्यानं ओळ टाकायची, झीलकऱ्यांनी ती झेलायची आणि पुन्हा त्याच्या ओंजळीत आणून द्यायची.

शिकवताना बाबा डोळे मिटून बसत आणि उजव्या हाताचं एक बोट वर धरत. मंडळ गात असलं की ते बोट हळूहळू फिरायचं आणि ज्याचा सूर हलला, ज्याचा श्वास चुकला, त्याच्यावर जाऊन थांबायचं. बाबा शब्द बोलत नसत. बोटच बोलायचं.

हेमराज पोरसवदा होता तेव्हा ते बोट त्याच्यावर थांबलं होतं. आता आपण चुकलो, म्हणून तो रडकुंडीला आला. पण बाबा म्हणाले, “इकडं ये. मधात बस.”

तेव्हापासून तो मधातच बसत आला.

आता बाबांचा गळा बसला होता, आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरून दिसणंही धूसर झालं होतं. त्यांची खंजिरी खुंटीवर टांगलेली. येत्या भंडाऱ्याला ती कोणाच्या तरी हाती देईन, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. गाव दोनच नावं घेत होतं. एक हेमराज. दुसरा दशरथ, हेमराजच्या उजव्या अंगाला वर्षानुवर्षं बसलेला झीलकरी.

खरं तर दुसरं नाव घ्यायचं कारणच काय, असं हेमराजला वाटे. कार्यक्रम त्याचे. टाळ्या त्याला. शहरातली माणसं फोन करत ती त्याला.

आणि दशरथानं तर बसणंच सोडलं होतं. मागं भजनाच्या एका चढाओढीत हेमराजनं तान लांबवली, आणि दशरथानं झील नेहमीच्या जागेवर, नेहमीसारखी सरळ घेतली. लोक हसले. गाणं संपल्यावर हेमराज सगळ्या मंडळादेखत बोलला होता, “झीलकरी हायेस, झीलकऱ्यावानी राह्य. माह्या मागं ये, आडवा येऊ नको.”

दशरथानं हातातले टाळ सतरंजीवर ठेवले आणि तो उठून गेला. तिरीमिरीत नाही, सावकाश.

आता तो आपली पिठाची चक्की चालवत होता. बाबांच्या घरामागच्याच गल्लीत. या घडीलाही तिचा पुक् पुक् आवाज उघड्या दारातून येत होता. हेमराजनं तो ऐकला आणि ऐकला नाही.

…

त्यानं वायरचं टोक घेतलं. लाल आणि काळी तार एकमेकींना चिकटलेल्या. त्या मधोमध फाडून त्यानं वेगळ्या केल्या आणि लाल तार पक्कडीच्या दातांत धरली.

“काय करून राह्यला?”

“वायर सोलतोय बाबा.”

“मंग दातानं सोल ना. आपल्या इथी सारे दातानंच सोलतात.”

“त्यानं दात जातात.”

“माहे तर न सोलताच गेले.”

चुलीपाशी वच्छलावहिनी फिसकन हसली. ती बाबांची सून. हेमराज या घरात लहानाचा मोठा झालेला, त्यामुळे तो तिचा भाऊजीच.

पक्कड दाबली. लाल साल निघून आली आणि आतले तांब्याचे बारीक केस उघडे पडले. हेमराजनं ते चिमटीत धरून पिळले, त्यांची वात केली.

“आण इकडं,” बाबांनी हात पुढं केला.

त्यांनी ती वात बोटांवर फिरवली. कापसाचं बोंड चाचपावं तशी.

“हे तर लय जणं हायेत रे.”

“हो. एकेका तारेत पुष्कळ असतात.”

“अन् एकटं एकटं असलं तर?”

“तुटतं.”

“हं…”

हेमराज गालात हसला. म्हातारपणी माणसाला जिकडंतिकडं आपलंच मंडळ दिसतं, असं त्याला वाटलं.

काम त्याच्या हातानं देखणं व्हायचं, याचा त्याला अभिमान होता. डावीकडची वायर त्यानं भिंतीच्या कडेनं ताणून चापांनी ठोकली, सुतासारखी सरळ. उजवीकडचीही तशीच ठोकत नेली. ती थोडी उरली, तिचं वेटोळं करून कोपऱ्यात ठेवलं. मग प्रत्येक तार लागेल तेवढीच फाडली, तेवढीच सोलली. कुठं लोंबणं नाही, कुठं गुंता नाही.

स्पीकरच्या पाठीला तारा अडकवायचे दोन-दोन खटके होते. एक लाल, एक काळा. दुकानदार म्हणाला होता, “भाऊ, लालला लाल, काळ्याला काळी. बाकी काही डोकं लावू नका.”

डावीकडं त्यानं तसंच लावलं. लाल तार भिंतीच्या अंगाला आली. उजवीकडं मात्र खटक्यांचा क्रम तोच असल्यामुळं लाल तार आतल्या अंगाला येत होती. हे त्याच्या डोळ्यांना खटकलं. भजनात दोन झीलकरी बसतात ते आरशातल्यासारखे. डावा डावा हात वर करतो, उजवा उजवा. दोघांचेही बाहेरचे हात वर, तेव्हा मधला म्होरक्या उठून दिसतो. सावळापूरच्या मंडळात ही रीतच होती.

त्यानं उजवीकडच्या तारा अदलाबदल करून लावल्या. आता दोन्हीकडची लाल तार भिंतीच्या अंगाला आली. वीज काय, इकडून गेली काय अन् तिकडून गेली काय. दुकानदाराचं बोलणं नवशिक्यांसाठी.

मागं सरून त्यानं पाहिलं. दोन स्पीकर, मधात रिकामी सतरंजी. देवळातल्या समया लावाव्या तशा दोन्ही बाजू सारख्या. त्याची छाती भरून आली.

“झालं बाबा.”

“कोण कोण हाय यात?”

“म्होरक्या मी. डावा झीलकरी मी. उजवा झीलकरी पण मीच. वेगवेगळं गायलं आणि यंत्रानं एकत्र केलं. श्वासाचीसुद्धा चूक सापडायची नाही.”

वहिनी चहा घेऊन आली होती. म्हणाली, “बाप्पा! तीन तीन भाऊजी? आमच्या जाऊबाईले एकच झेपत नाही.”

बाबा खोकल्यागत हसले. “लाव बाप्पा. तिघायलेही बोलू दे.”

…

खंजिरी वाजली. मग आवाज आला.

बाबांनी डोळे मिटले. उजव्या हाताचं बोट हळूच वर उचललं.

हेमराज भिंतीला टेकून उभा होता. इतक्या मैफली गाजवल्या, पण त्या बोटाची त्याला अजून धास्ती वाटायची. आज मात्र धास्ती नव्हती. आज त्याला ठाऊक होतं, बोट कुठं थांबणार ते.

बोट डावीकडं वळलं. थांबलं.

“एक हेमराज इथी हाय.”

मग उजवीकडं.

“एक तिथी.”

मग बोट मधात आलं. थांबलं नाही. पुन्हा डावीकडं गेलं, वर छताकडं गेलं, मागं भिंतीकडं वळलं. वाट चुकलेल्या वासरासारखं ते खोलीभर फिरलं.

“मधला हेमराज कुठी गेला?”

“आहे ना बाबा. गातोय की.”

“गाते खरा… पण कुठी बसून गाते?”

हेमराजनं व्हॉल्यूम वाढवला. खिडकीचं दार थरथरलं. बोट आणखीच भरकटलं. त्यानं बासचं बटण पिळलं. खंजिरीचा घुमारा वाढायच्या ऐवजी पोकळ झाला, फुटक्या मडक्यावर थाप मारल्यासारखा.

“स्टुडिओत तर मी स्वतः ऐकलं होतं,” तो म्हणाला. “असा समोर बसल्यासारखा आवाज येत होता. बाबा, तुमचे कान आता…”

बाबांचं बोट खाली आलं नाही.

वहिनी दारातूनच म्हणाली, “त्याहीच्या कानाले नावं ठेवू नका भाऊजी. तुमचा आवाज मांजरावानी घरभर हिंडून राह्यला. मले वाटलं, शिंक्याखाली शिरला.”

हेमराजचे कान तापले.

आणि तेवढ्यात बाबांचं बोट थांबलं. स्पीकरवर नाही. ते दाराकडं वळलं होतं, दाराबाहेर, मागच्या गल्लीच्या रोखानं. गाण्याच्या दोन ओळींमधल्या जागेत तिकडून तोच आवाज येत होता. पुक् पुक्. पुक् पुक्.

“तिकडं कोणीतरी हाय,” बाबा म्हणाले. “सापडते.”

हेमराजनं गाणं बंद केलं.

खोली एकदम रिकामी झाली. चक्की चालूच होती.

…

“चहा घे,” बाबा म्हणाले.

हेमराजनं कप तोंडाला लावला.

“खारा लागते का आता?” वहिनीनं विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. पण लागत होता. शहरातल्या पाण्यानं त्याची जीभ बदलली होती, आणि ते कबूल करायला आजचा दिवस बरा नव्हता.

बाबांनी बशीतला चहा फुंकला.

“एकाले चूप बसव.”

“कोणाला?”

“कोणालेही.”

हेमराजनं बॅलन्सचं बटण एका टोकाला फिरवलं. नुसता डावा स्पीकर वाजू लागला. बाबांचं बोट सरळ तिकडं गेलं आणि खुंटी ठोकल्यासारखं थांबलं.

“बेस हाय. आता दुसरा.”

बटण दुसऱ्या टोकाला. बोट उजवीकडं गेलं आणि तसंच थांबलं.

“हाही बेस. आता दोघं.”

बटण मधात आलं. बोट पुन्हा वाट चुकलं.

“एकेकटे खरे,” बाबा म्हणाले. “दोघं मिळून खोटे…”

हेमराज कपाळाचा घाम पुसत उभा राहिला. खुंटीवरची खंजिरी त्याला अगदी डोळ्यांसमोर दिसत होती. हात पुढं केला तर लागेल एवढी जवळ. आणि आज सकाळी निघताना वाटली होती त्यापेक्षा कितीतरी लांब.

“आपल्या मंडळात असं कवा होते रे?”

बाबांनी लहान पोराला विचारावं तसं विचारलं. आवाजात राग नव्हता. कधीच नसायचा.

हेमराजला उत्तर पाठ होतं. याच खोलीत, याच घोंगडीसमोर तो ते शिकला होता.

“झीलकऱ्यांचा श्वास उलटा पडला की. एक घेते तवा दुसरा सोडते… दोघंही सुरात असतात, पण मधल्याची ओळ पडते. झेलायलेच कोणी नसते…”

बोलता बोलता तो थांबला. आपण शहरी बोलणं कधी सोडलं ते त्याला कळलंही नाही.

त्यानं उजव्या स्पीकरच्या पाठीमागं वाकून पाहिलं.

लाल तार काळ्या खटक्यात. काळी लालमध्ये. देखणी, सारखी, त्याच्या हातची.

एका स्पीकरचा पडदा पुढं येत होता तेव्हा दुसऱ्याचा मागं जात होता. एक श्वास सोडत होता तेव्हा दुसरा घेत होता. आणि मधात तो, हेमराज, गात होता, आणि त्याला झेलायला कोणी नव्हतं.

“सापडलं?” बाबांनी विचारलं.

“सापडलं जी.”

“उलटा कोणता?”

“हा उजवा…” म्हणता म्हणता तो अडखळला. हेमराज गर्विष्ठ होता, पण खोटारडा नव्हता. त्यानं पुन्हा दोन्हींकडं पाहिलं. “नाही बाबा. उलटा कोणीच नाही. उजवा आहे तसा ठेवून डावा फिरवला तरी चालते. दोघंही एकमेकाले उलटे हायेत, एवढंच.”

“मंग वळवतं कोणाले?”

हेमराजनं भिंतीकडं पाहिलं. डावीकडची वायर ताणून ठोकलेली. ती सुतभरही सरकायला जागा नव्हती. उजवीकडं कोपऱ्यात वेटोळं पडलं होतं.

“ज्याच्याजवळ जास्त हाय, त्याले.”

बाबांनी मान हलवली.

“हं…” म्हणाले. “त्यालेच जमते.”

चक्कीचा पट्टा घसरल्यासारखा आवाज झाला, आणि पुन्हा पुक् पुक् सुरू झालं. हेमराजनं या वेळी तो ऐकला.

…

खटक्यातून तारा काढताना लाल तारेचे तांब्याचे केस मोडून हातात आले. काळी तर दुसऱ्या खटक्यापर्यंत पोचेचना. त्यानं त्या मोजून-मापून तेवढ्याच फाडल्या होत्या. आता टोक कापणं आलं, वेटोळ्यातली वायर ओढून घेणं आलं, पुन्हा फाडणं, पुन्हा सोलणं आलं.

त्यानं कापलं. पक्कड दाबली आणि खेचली. पण वेटोळं ओढताना भिंतीवरचे चापही निघाले होते, वायर ताणून धरायला आता काही नव्हतं. मोकळी वायर पक्कडीबरोबरच ओढली गेली, साल काही निघेना. पायाखाली धरून पाहिली, तर घसरली. जोरानं दाबून हिसडा दिला, तर सालीबरोबर निम्मे केस कापून आले.

वहिनी चुलीकडं गेली होती. खोलीत दोघंच.

“बाबा…”

“हं.”

“जरा धरता का जी इकून?”

बाबा पुढं सरकले. चाचपडत त्यांनी वायर दोन्ही मुठींत घट्ट धरली. पकड अजून पक्की होती. आयुष्यभर खंजिरी धरलेले हात.

“ओढ.”

“लागंल तुम्हाले.”

“ओढ ना बाप्पा. मी काय तारेवानी तुटतो?”

एकानं धरलं, एकानं ओढलं. साल अलगद निघून आली. एकही केस तुटला नाही. हेमराजनं वात पिळली. मग काळी. तीही तशीच.

“तुह्या मायनं तुले आणून सोडलं तवा,” बाबा वायर धरल्या धरल्या म्हणाले, “तू एकटा गायेच नाही. बाजूले दशरथ बसला की मंग तोंड उघडे.”

हेमराजनं मान वर केली नाही.

“मले आठवत नाही जी.”

“मले आठवते.”

लाल लालमध्ये. काळी काळ्यामध्ये. आता उजव्या स्पीकरची लाल तार आतल्या अंगाला आली. दोन्ही बाजू सारख्या दिसेनात. वायर भिंतीपासून सुटून लोंबत होती. हेमराजनं ते पाहिलं आणि चाप ठोकायला हातोडी उचलली नाही.

…

खंजिरी वाजली. या वेळी तिच्या थापेनं जमीन हलल्यासारखी वाटली.

मग आवाज आला.

हेमराज स्वतःच दचकला. आवाज डाव्या स्पीकरमधून नव्हता, उजव्यातूनही नव्हता. तो मधात होता. रिकाम्या सतरंजीवर, जिथं स्पीकर नाही, माणूस नाही, काहीच नाही, तिथं कोणीतरी मांडी घालून बसलं होतं आणि गात होतं. त्याच्या ओठांची उघडझाप दिसावी इतकं जवळ.

चुलीजवळचं भांडं वाजायचं थांबलं. वहिनी दारात येऊन उभी राहिली. तिनं नकळत पदर सारखा केला, पाहुण्यापुढं करावा तसा.

बाबांचं बोट वर आलं. डावीकडं गेलं नाही, उजवीकडं गेलं नाही. सरळ मधात, सतरंजीच्या रोखानं गेलं आणि तिथंच थांबलं. थरथर नाही की काही नाही.

मिटल्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या.

“वच्छले,” ते म्हणाले, “पाय वं. माह्या पोराचा आवाज.”

“होय मामाजी. आयकून राह्यली.”

“उकिरड्यावरून उचललं मले. अन् पाय, कसं सोनं शिकून गेलं माह्यापाशी.”

हेच ऐकायला हेमराज आला होता. शब्दन् शब्द हाच. मनात किती वेळा त्यानं तो घोकला होता. आणि आता तो कानावर आला, तर त्याचं लक्ष भलतीकडंच होतं. गाण्यातला उजवा झीलकरी ओळ झेलत होता, अचूक, श्वासाला श्वास. पण तो हेमराजच होता. ओळ त्याच्या ओंजळीत पडत होती आणि तो ती स्वतःलाच परत देत होता. सरळ, नेहमीच्या जागेवर, नेहमीसारखी झील घेणारा तिथं कोणी नव्हता.

गाणं संपलं.

बोट अजून वरच होतं.

“ते खंजिरी काढ,” बाबा म्हणाले.

वहिनीनं हेमराजकडं पाहिलं. हेमराज खुंटीपाशी गेला. खंजिरी हातात घेतली. इतकी वर्षं ती त्यानं खालून पाहिली होती. हातात ती वाटली होती त्यापेक्षा हलकी होती, आणि बाबांच्या अंगठ्याच्या जागी लाकूड झिजून खोलगट झालं होतं. त्याचा अंगठा त्या खोलगटीत बरोबर बसला.

त्यानं तो तसा राहू दिला. श्वासभर.

मग काढून घेतला.

“कोणाले देऊ जी?”

बाबांचं बोट सतरंजीवरून हललं नाही.

“तिथी बसला हाय ना… त्याले दे.”

हेमराजनं पाहिलं. डावीकडं स्पीकर. उजवीकडं स्पीकर. मधात ऊन पडलं होतं आणि सतरंजीचा उसवलेला काठ.

तो पुढं झाला. वाकला. खंजिरी त्यानं रिकाम्या सतरंजीच्या मधोमध ठेवली आणि उभाच राहिला.

“बाबा… तिथी तर कोणीच नाही.”

मागच्या गल्लीतली दशरथाची चक्की बंद झाली. दळण संपलं असावं. दार ओढल्याचा आवाज आला, कोंडा झटकल्याचा, मग कुणीतरी खाकरल्याचा.

बाबांनी बोट हळूच मिटलं आणि हात मांडीवर ठेवला.

“नसू दे. तुम्ही दोघं दोन बाजूले बसा… तो येते.”